महाडचा ठराव आणि महाडचे पाणी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत गेलेल्या हजारो स्त्रीपुरुषांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्या घटनेला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतील. शताब्दी म्हटली की शासनयंत्रणा कशी हालते, हे मी नोकरीच्या काळात जवळून पाहिले आहे. समिती नेमली जाते, उपसमित्या होतात, सुशोभीकरणाचा आराखडा मंजूर होतो, टपाल तिकिटाचा प्रस्ताव जातो आणि मुख्य दिवशी वाहनतळाची व्यवस्था हाच जिल्हा प्रशासनापुढचा सर्वांत मोठा प्रश्न ठरतो. यात गैर काही नाही. लोक श्रद्धेने येतात, त्यांची सोय झालीच पाहिजे. परंतु महाडची घटना ज्यांनी सर्वाधिक अभ्यासावी, तो वर्ग या सोहळ्यात केवळ व्यवस्थापकाच्या भूमिकेत असतो. तो वर्ग म्हणजे आम्ही प्रशासकीय अधिकारी.

मी ज्या शहरात राहतो त्या जबलपूरचा आणि महाडचा वरकरणी संबंध नाही. एक नर्मदेच्या काठी, दुसरे सावित्रीच्या. तरीही भारतातील नागरी हक्कांच्या इतिहासात या दोन्ही गावांची नावे कोरलेली आहेत. एकाचे अभिमानाने, दुसऱ्याचे खेदाने. हक्क कागदावर असणे आणि हक्क हाती येणे यांतील अंतर समजून घ्यायचे असेल, तर ही दोन्ही नावे एकत्र वाचावी लागतात.

ठराव होता, पाणी नव्हते

महाडचा सत्याग्रह नवा हक्क मागण्यासाठी झाला, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो अपुरा आहे. हक्क आधीच दिला गेला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. पुढच्याच महिन्यात सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचे आदेश दिले. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये स्वतःचा ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले यांनी पुन्हा ठराव आणला. ज्या नगरपालिका व स्थानिक मंडळे अंमलबजावणी करत नाहीत त्यांचे अनुदान रोखावे, अशी शिफारस त्यात होती.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर धोरण तयार होते, शासन आदेश निघाला होता, स्थानिक संस्थेने तो स्वीकारला होता आणि पालन न केल्यास आर्थिक दंडाची शिफारसही झाली होती. कोणत्याही आढावा बैठकीत या विषयासमोर ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा पडला असता. आणि तरीही तीन वर्षे महाडच्या अस्पृश्यांपैकी कोणी त्या तळ्याच्या पायरीवर उतरू शकले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ती भरवण्यासाठी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुण कार्यकर्त्यांनी परिश्रम घेतले होते. अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस हे सवर्ण समाजातील सहकारी त्यांच्या बाजूने उभे होते. या परिषदेच्या हिशेबातील एक नोंद मला नेहमी अस्वस्थ करते. प्रतिनिधींना पिण्यासाठी आयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावात नगरपालिकेच्या ठरावाने तळे सर्वांना खुले होते, त्याच गावात त्या ठरावाच्या लाभार्थ्यांनी सवर्णांकडून पाणी विकत घेतले. धोरण आणि वास्तव यांतील अंतर मोजण्याची अनेक परिमाणे आम्ही पुढे तयार केली, पण या चाळीस रुपयांहून अचूक परिमाण माझ्या पाहण्यात नाही.

दुसऱ्या दिवशी परिषद संपताना सर्वांनी तळ्यावर जायचे ठरले. चार-चारच्या रांगेत मिरवणूक निघाली, बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, मागोमाग इतरांनी केले आणि लोक शांतपणे मंडपाकडे परतले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपात जेवणाऱ्या, गावाकडे परतणाऱ्या प्रतिनिधींवर तुटून पडला. अनेक जण जखमी झाले. काहींना मुसलमान कुटुंबांनी घरात आश्रय दिला. पुढे तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ‘शुद्धी’ करण्यात आली. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला १९२४चा ठराव रद्द केला. हक्क बजावला गेला नव्हता तोपर्यंत ठराव कोणाला सलत नव्हता. तो बजावला जाताच मागे घेतला गेला.

संयम कोणाचा होता?

२० मार्चच्या संध्याकाळी जे घडले नाही, तेही इतिहासाने नोंदवले आहे. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले महार सैनिक होते. पहिल्या महायुद्धाचा अनुभव गाठीशी असलेले हे लोक. आपली माणसे रक्तबंबाळ झालेली पाहून त्यांच्या मनात काय उसळले असेल, याची कल्पना करता येते. बाबासाहेबांच्या एका शब्दासरशी महाडमध्ये रक्तपात झाला असता. तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. पोलीस आणि महसूल अधिकारी त्यांना भेटायला आले तेव्हा त्यांनी सांगितले की हल्लेखोरांना अधिकाऱ्यांनी आवरावे, आपल्या लोकांना ते स्वतः आवरतील. त्यांनी आपला शब्द पाळला. दुसऱ्या बाजूला आवरण्याचे काम ज्यांचे होते, त्यांच्याबद्दल असे म्हणता येत नाही. हल्लेखोरांवर पुढे खटले चालले आणि काहींना शिक्षाही झाल्या. परंतु संध्याकाळी लाठ्या उचलल्या गेल्या तेव्हा शासन तेथे जवळजवळ अदृश्य होते. महाडच्या अस्पृश्यांनी दाखवलेल्या संयमाचे गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून कौतुक केले होते.

बाबासाहेबांना अहिंसक नागरी हक्क चळवळीचे नेते म्हणावे काय, यावर अजूनही वाद होतो. त्यांना एकतर संविधानाचे शिल्पकार म्हणून ग्रंथालयात बसवले जाते किंवा एका समाजाचे कैवारी म्हणून चौकात. मला वाटते, महाडमधील त्यांचे वर्तन हा या वादाचा पुरेसा निवाडा आहे. मात्र त्यांच्या अहिंसेचे स्वरूप गांधीजींच्या अहिंसेहून वेगळे होते, हे मान्य करून. गांधीजींची अहिंसा प्रतिपक्षाच्या अंतःकरणाला आवाहन करते. बाबासाहेबांनी प्रतिपक्षाच्या हृदयपरिवर्तनावर फारशी भिस्त ठेवली नाही. त्यांचे आवाहन शासनाच्या लेखी शब्दाला होते: तुम्ही ठराव केला आहे, आम्ही त्या ठरावाप्रमाणे वागत आहोत, आता तुम्ही तुमचा शब्द पाळता की नाही, ते आम्हाला आणि जगाला पाहू द्या. अशा लढ्यात हिंसा झाली तर शासनाला सबब मिळते. ‘कायदा आणि सुव्यवस्था’ या तीन शब्दांखाली मूळ प्रश्न गाडला जातो. महाडचा संयम हा सद्गुण होताच, शिवाय ती शासनाची एकमेव पळवाट बंद करणारी युक्तीही होती.

हेच डिसेंबरमध्ये पुन्हा दिसले. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला सत्याग्रह परिषद भरली, ती एका मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवर. मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात या मेळाव्याची तुलना १७८९च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. चवदार तळ्याच्या पाण्याने कोणी अमर होणार नाही, आम्हीही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आम्ही तेथे जात आहोत, हा त्यांच्या भाषणाचा गाभा होता. परंतु परिषदेच्या आधीच विरोधकांनी दिवाणी दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. जिल्हाधिकाऱ्यांनी परिषदेत येऊन न्यायालयाच्या आदेशाचा मान राखण्याची विनंती केली. जमलेल्या लोकांचा कल स्पष्टपणे तळ्यावर जाण्याकडे होता, तुरुंगात जाण्याची त्यांची तयारी होती. बाबासाहेबांनी त्यांना समजावले आणि सत्याग्रह तहकूब केला. तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले.

हा निर्णय अनेकांना तेव्हा माघार वाटला, काहींना आजही वाटतो. मला तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड निर्णयांपैकी एक वाटतो. शासन आपल्या विरोधात नसून सवर्ण कर्मठांच्या विरोधात उभे राहू शकते, ही शक्यता त्यांना मोडायची नव्हती. कायद्याचा आधार घेणाऱ्याने कायदा गैरसोयीचा होताच तो झुगारला, तर पुढच्या वेळी त्याच्या हातात काय उरते?

न्यायालयातील दहा वर्षे

त्या संयमाची किंमत दहा वर्षे होती. तळे खासगी की नगरपालिकेचे, आणि अस्पृश्यांना मनाई करणारी रूढी कायद्याने ग्राह्य ठरते काय, या दोन प्रश्नांवर दावा चालला. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला, पुढे अपिलातही तो टिकला, आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. निकाल देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी एक होते न्या. ब्रूमफील्ड. हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला सत्र न्यायाधीश असताना गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावते झाले होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे योगायोग मोहात पाडतात. पण खरा बोध निकालाच्या तर्कात आहे. सार्वजनिक तळ्यावर माणसामाणसांत भेद करता येत नाही, असे तो निकाल म्हणत नाही. मनाईची रूढी अनादी काळापासून चालत आली असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. याचा अर्थ, पुरावा अधिक जुना मिळाला असता तर अन्याय वैध ठरण्याची शक्यता होती. समतेचा सिद्धान्त त्या वेळच्या कायद्यातच नव्हता, तर न्यायाधीश तो आणणार कोठून?

ही पोकळी प्रतिवादीच्या लक्षात राहिली. संविधानाच्या अनुच्छेद १५ मधील दुसरे खंड उघडून पाहावे. राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः राखलेल्या अथवा जनतेच्या वापरासाठी समर्पित केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांनी कोणाही नागरिकावर निर्बंध असणार नाही, असे ते सांगते. बोले ठरावाची आणि चवदार तळ्याच्या दाव्याची छाया या शब्दांवर स्पष्ट आहे. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहिरी आणि तलाव यांचा नामनिर्देश का, असा प्रश्न मला प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांनी विचारला आहे. त्याचे उत्तर महाड हे आहे.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात ५ डिसेंबर १९५५ रोजी कृष्णवर्णीयांनी शहर बससेवेवर बहिष्कार टाकला, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग अवघे २६ वर्षांचे होते. ३८१ दिवस लोक पायी चालले आणि त्याच वेळी वेगळ्या आसनांचा नियम न्यायालयात आव्हानाखाली होता. शिस्तबद्ध जनता आणि चिवट दावा या दोन पायांवर तो लढा उभा होता, महाडसारखाच. तो बहिष्कार यशस्वी होऊन संपला २० डिसेंबर १९५६ रोजी. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण त्याआधी दोन आठवडे झाले होते. १९५९ मध्ये किंग भारतात आले. त्रिवेंद्रमच्या एका शाळेत त्यांची ओळख ‘अमेरिकेतील एक अस्पृश्य’ अशी करून दिली गेली. आधी ते चमकले, मग विचार करता त्यांना ते वर्णन खरे वाटले, असे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. आपल्याकडे किंग यांचे स्मरण गांधीजींच्या संदर्भात होते आणि ते योग्यच आहे; परंतु बस, उपाहारगृह, पाण्याचा नळ अशा रोजच्या जागांवर हक्क बजावून शासनाची परीक्षा घेण्याच्या त्यांच्या पद्धतीला महाड अधिक जवळचे आहे.

जबलपूरचे नाव

आता माझ्या शहराकडे वळतो. अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा ठरवणारा कायदा १९५५ मध्ये झाला. त्यात व्यापक दुरुस्ती होऊन १९ नोव्हेंबर १९७६ पासून त्याला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. नागरी हक्क हे शब्द अशा रीतीने भारताच्या एका केंद्रीय कायद्याच्या मथळ्यावर विराजमान झाले, ते आणीबाणीच्या ऐन मध्यावर. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अपर जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या प्रकरणाचा निकाल दिला होता. मिसाखाली स्थानबद्ध केलेल्या नागरिकाला न्यायालयात दाद मागता येते, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. चार विरुद्ध एक अशा बहुमताने सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. एखाद्या अधिकाऱ्याने वैमनस्यातून कोणाचा जीव घेतला तरीही उपाय नाही काय, या न्या. हंसराज खन्ना यांच्या प्रश्नाला महान्यायवाद्यांनी दिलेले उत्तर उपाय नाही, असेच होते. एकट्या खन्नांनी विरोधी निकाल लिहिला आणि पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीशपद देण्यात आले. तो निकाल औपचारिकपणे रद्दबातल व्हायला २०१७ उजाडले.

या खटल्याच्या नावात अपिलार्थी म्हणून कोण आहे, याकडे कायद्याचे विद्यार्थी सहसा लक्ष देत नाहीत. मी देतो, कारण ते माझ्या सेवेतील एक पद आहे. त्या पदावरील अधिकाऱ्याने वरून आलेल्या आदेशाप्रमाणे सही केली असणार. १९२७च्या महाडमध्ये ठराव असूनही अधिकारी हलले नाहीत, १९७६च्या जबलपूरमध्ये अनुच्छेद २१ असूनही अधिकारी हलले ते नागरिकाच्या विरुद्ध. दोन्ही ठिकाणी हक्क लिहिलेला होता. दोन्ही ठिकाणी त्याचे भवितव्य एका मधल्या फळीतील सहीवर अवलंबून होते.

एका सहीची गोष्ट

अशी एक सही माझीही आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मी एका उपविभागाचा अधिकारी होतो. एका गावातील टोकाच्या वस्तीतून अंगठे उठवलेला अर्ज आला: सार्वजनिक हातपंपावर आमच्या बायकांना हात लावू देत नाहीत. मी अहवाल मागवला. पटवाऱ्याचा अहवाल तहसील कार्यालयामार्फत तीन आठवड्यांत आला. हातपंप सार्वजनिक आहे, तो सर्वांना खुला असल्याचा पंचायतीचा ठराव आहे, कोणासही मनाई नाही, अर्जदारांचे समाधान झाले आहे. खाली चार पंचांच्या सह्या होत्या. मी ‘नस्तीबद्ध करावे’ असे लिहून सही केली.

सात-आठ महिन्यांनी मतदान केंद्रांची पाहणी करताना योगायोगाने त्याच गावात थांबलो. हातपंपापासून दहा पावलांवर एक वृद्ध बाई रिकामी घागर घेऊन उभी होती. पंपावरच्या बाया आपापली भांडी भरत होत्या. कोणाला दया आली की ती तिच्या घागरीत वरून पाणी ओतणार, अशी तेथील रीत होती. मी तिला विचारले, तुला कोण अडवते? ती म्हणाली, ‘कोणी अडवत नाही साहेब, आम्हीच जात नाही.’

पटवाऱ्याचा अहवाल अक्षरशः खरा होता. मनाई कोठेच लिहिलेली नव्हती. मी त्या बाईला पंपावर नेले, माझ्यासमोर तिने घागर भरली, मी सरपंचाला दोन कडक शब्द सुनावले आणि स्वतःवर काहीसा खूश होऊन जीपमध्ये बसलो. दीड महिन्यात माझी बदली झाली. माझी जीप गेल्यानंतर त्या घागरीची किंमत तिने कशी चुकवली, हे मला कधी कळले नाही, कारण मी ते विचारण्याची व्यवस्था केली नव्हती. महाडला सुद्धा लाठ्या पाणी पिताना पडल्या नाहीत. त्या पडल्या नंतर, लोक पांगल्यावर. हे मी एम. ए.ला वाचले होते. ते मला आठवायला हवे होते.

वारसा कोणावर आहे?

या लेखावर दोन आक्षेप येतील, त्यांची दखल घेतो. पहिला असा की खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सत्याग्रहाचा मार्ग सोडून देण्यास सांगितले, मग महाडचे गुणगान कशाला? ते भाषण नीट वाचावे. संवैधानिक मार्ग उपलब्ध नव्हते तेव्हा असंवैधानिक मार्गांचे बरेच समर्थन करता येत होते. ते उपलब्ध झाल्यावर करता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या उपदेशाला एक अट जोडलेली आहे. संवैधानिक मार्ग खुला राहिला पाहिजे, आणि तो खुला ठेवण्याचे कर्तव्य नागरिकाचे नसून राज्याचे आहे. अर्ज करणाऱ्याच्या हाती खोटा समाधानाचा अहवाल पडत असेल, तर त्याला रस्त्यावर उतरू नकोस असे सांगण्याचा नैतिक अधिकार आपण गमावतो.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. जल जीवन मिशनमुळे २०१९ नंतर घरोघरी नळ पोहोचत आहेत. सामायिक पाणवठाच उरला नाही, तर पाणवठ्यावरचा भेदही उरणार नाही. यात तथ्य आहे. दहा पावलांवर ताटकळणे संपले तर ती लहान गोष्ट नव्हे, आणि जे कोणत्याही उपदेशाने साधले नाही ते जलवाहिनीने साधले तर मी तिचे स्वागतच करीन. परंतु वाहिनी गावातून वस्तीकडे जाते आणि शेवटच्या वस्तीत ती शेवटी पोहोचते. दाब कमी झाला की पाणी तेथेच आधी बंद होते. शिवाय भेट टळली म्हणून भेद संपला असे नाही. शाळेतील पाण्याचा माठ, स्मशानभूमी, हॉटेलातला चहाचा पेला या जागा अजून सामायिकच आहेत. बाबा आढाव यांना महाराष्ट्रात ‘एक गाव, एक पाणवठा’ ही मोहीम १९७०च्या दशकात उभारावी लागली, म्हणजे महाडनंतर पंचेचाळीस वर्षांनी आणि संविधानानंतर वीस वर्षांनी. ठराव, निकाल आणि अनुच्छेद हे सगळे तोवर होऊन गेले होते.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने, मध्य प्रदेशात काय आणि महाराष्ट्रात काय, तीन साध्या गोष्टी करता येतील. त्यांना नवा कायदा लागत नाही.

पहिली, ‘हर घर जल’ गाव म्हणून ग्रामसभेच्या ठरावाने जे प्रमाणन होते, ते वस्तीनिहाय व्हावे. ग्रामसभेत टोकाच्या वस्तीचा आवाज किती उमटतो, हे ग्रामीण भागात काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. खातरजमा त्या वस्तीत जाऊन, तेथील स्त्रियांना विचारून आणि शक्यतो तालुक्याबाहेरच्या अधिकाऱ्याने करावी.

दुसरी, नागरी हक्क संरक्षण अधिनियमाचे कलम १५-अ जिवंत करावे. १९७६च्या दुरुस्तीनेच आलेले हे कलम राज्यांना कायदेशीर मदत, देखरेखीसाठी अधिकारी, विशेष न्यायालये, समित्या, अंमलबजावणीची वेळोवेळी पाहणी आणि भेदभाव होणारी क्षेत्रे निश्चित करणे ही कामे सांगते. बोले यांनी १९२६ मध्ये ओळखले होते की केवळ घोषणा पुरत नाही. या कलमामागेही तीच जाण आहे. शताब्दी वर्षात प्रत्येक जिल्ह्याने ही पाहणी करावी आणि निष्कर्ष तालुकानिहाय प्रसिद्ध करावेत. आकडे लाजिरवाणे असतील, तर ते शताब्दीच्या वर्षातच बाहेर आलेले बरे.

तिसरी गोष्ट अधिकाऱ्यांच्या सवयीची आहे. ‘मनाई नाही’ हा अहवाल स्वीकारू नये. कोणी, कोणत्या दिवशी, स्वतःच्या हाताने पाणी भरले, हे अहवालात असावे. आणि तक्रार निकाली काढल्यानंतर सहा महिन्यांनी दुसरी भेट सक्तीची असावी, न कळवता. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कारालाही गुन्हा ठरवले आहे. मात्र मजुरी बंद होणे, किराणा न मिळणे या गोष्टी पहिल्या भेटीत दिसत नाहीत. त्या दुसऱ्या भेटीत दिसतात.

महाडच्या तळ्याकाठी २० मार्च २०२७ रोजी मोठा समुदाय जमेल आणि जमलाच पाहिजे. तेथील व्यवस्था पाहणारे अधिकारी आपले काम चोख करतील, याविषयी मला शंका नाही. माझी विनंती उरलेल्या सर्व जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना आहे. त्यांनी त्या दिवशी आपल्या जिल्ह्यातील एखादी नस्तीबद्ध झालेली तक्रार काढावी, त्या गावाच्या टोकाच्या वस्तीत जावे, तेथील घरात पाणी मागून प्यावे आणि ते कोठून, कोणी आणले हे विचारावे. आणि सप्टेंबरात पुन्हा जावे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून जबलपूर येथे वास्तव्यास आहेत. अनुवादित लेख.)